अपेंडिक्सला उन्हाळा कळतो का?

मे महिना लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, गंगापूर धरणात किती टक्के पाणी उरलं. दुसरी, 'उन्हाळ्यात अपेंडिक्सचे रुग्ण वाढतात, फळांच्या बिया गिळू नका, विशेषतः द्राक्षाच्या' असा लाल अक्षरांतला मेसेज, शेवटी जोडलेले हात. नाशिककरांना द्राक्षाच्या बियांची भीती घालणारा हा माणूस कोण, ते एकदा शोधून काढायला हवं. आपल्या बाजारात विकली जाणारी बहुतेक द्राक्षं बिनबियांची असतात, हेही त्याला ठाऊक नसावं.

पण मेसेज पुसायला बोट पुढे गेलं आणि थांबलं. कारण त्यातलं पहिलं वाक्य थाप नाही. अपेंडिक्सचा त्रास वर्षभर सारख्या प्रमाणात होत नाही, हे जगात अनेक ठिकाणी मोजलं गेलेलं आहे. भानगड आहे ती 'उन्हाळा' या शब्दात, आणि त्या वाक्यातून आपण काढतो त्या अर्थात.

ही शेपटी आहे तरी कुठे

लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, ती जागा पोटात उजवीकडे खाली असते. तिथेच मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीएवढी एक नळी लोंबते. तेच अपेंडिक्स, पुस्तकी मराठीत आंत्रपुच्छ. तिचं एक तोंड आतड्यात उघडतं, दुसरं टोक बंद. ती सुजली की झाला अपेंडिसायटिस. बोलताना आपण अवयवाचंच नाव आजाराला देतो आणि 'त्याला अपेंडिक्स झालंय' म्हणतो. तसं ते प्रत्येकालाच जन्मापासून झालेलं असतं.

द्राक्षबाग असलेल्या कुणालाही ही रचना दोन मिनिटांत समजेल. ठिबकची नळी ओळीच्या शेवटी टोपण लावून बंद केलेली असते. वाहत्या पाण्यातला गाळ, शेवाळ, खतातले कण हळूहळू त्या बंद टोकाशी जाऊन बसतात. म्हणून शेतकरी अधूनमधून टोपण काढून नळी धुऊन काढतो. अपेंडिक्सला असं टोपण नाही. आत गेलेलं बाहेर यायला एकच वाट, ज्या तोंडातून गेलं तीच. ते तोंड बुजलं की आतला चिकट स्राव साचत जातो, दाब वाढतो, आधी अशुद्ध रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दबतात, मग रक्तपुरवठाच आटतो. आतड्यातले जंतू तर तिथे आधीपासून मुक्कामाला असतात. भिंत कमकुवत झाली की ते तिच्यात शिरतात, पू होतो, आणि वेळेत उपाय झाला नाही तर नळी फुटते. आतली घाण पोटभर पसरते. या आजारात जिवावर बेततं ते इथे.

तोंड बुजतं कशानं? ठळक कारणं दोन. वाळून घट्ट झालेला मळाचा खडा हे एक. दुसरं म्हणजे अपेंडिक्सच्या भिंतीतच असलेली, टॉन्सिलसारखी, रोगजंतूंशी लढणारी ऊती. सर्दीतापात घशातले टॉन्सिल सुजतात, तशी पोटात काही संसर्ग झाला की ही ऊती फुगते आणि मुळातच अरुंद असलेली वाट बंद करते. लहान मुलांत आणि तरुणांत ही ऊती भरपूर असते. हा आजार दहा ते एकोणीस या वयात सगळ्यात जास्त का दिसतो, त्याचं एक स्पष्टीकरण तिथे मिळतं. सगळ्याच रुग्णांत खडा किंवा फुगलेली ऊती सापडते असं मात्र नाही.

माणसाला पोटदुखी अनादि काळापासून ठाऊक असली तरी या आजाराला नाव मिळालं १८८६ मध्ये, अमेरिकेतल्या बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांच्याकडून. त्याआधी उजवीकडच्या या दुखण्याचा दोष आतड्याच्या दुसऱ्याच भागावर ढकलला जाई.

मोजणाऱ्यांना काय दिसलं

अमेरिकेत १९७९ ते १९८४ या काळातल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासून १९९० मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे तेव्हा वर्षाला साधारण अडीच लाख लोकांना अपेंडिसायटिस होत होता, आणि हिवाळ्याच्या तुलनेत उन्हाळ्यात तो ११ टक्क्यांनी जास्त होता. कॅनडात, इटलीत हाच कल सापडला. फिनलंडमधल्या २१ वर्षांच्या नोंदींतही थंडीच्या महिन्यांत आजार कमी दिसला.

इथवर कुणीही म्हणेल की उन्हाळा म्हणजे नुसता उकाडा नव्हे. शाळांना सुट्ट्या असतात, लोक प्रवासाला जातात, बाहेर खातात. मग दोष उन्हाचा की सुट्टीचा? २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी नेमकी ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला. २००१ ते २०१७ या काळातले साडेचार लाख रुग्ण आणि त्या त्या गावचं त्या त्या आठवड्याचं तापमान त्यांनी शेजारी शेजारी मांडलं. सुमारे साडेदहा अंश सेल्सिअसच्या वर, तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की रुग्ण जवळपास ३ टक्क्यांनी वाढत होते. त्याहून थंड हवेत तीच वाढ सव्वा टक्क्याच्या आसपास. आणि महिना कुठलाही असो, त्या दिवसांच्या मानाने एखादा आठवडा जास्तच तापला तर आकडा वर सरकत होता. म्हणजे कॅलेंडर बाजूला ठेवलं तरी उष्णतेचा काहीतरी हात उरतोच.

पण हा उन्हाळा कुणाचा?

आपल्या मेसेजवाल्याची गाडी रुळावरून घसरली ती इथे. परदेशी अभ्यासातला 'उन्हाळा' म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट. त्या महिन्यांत नाशिकमध्ये रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलं की छातीपर्यंत, याची चर्चा चाललेली असते. त्यांचा उन्हाळा आपला पावसाळा आहे. मराठीत भाषांतर करताना शब्द बरोबर आला, महिने राहून गेले.

तापमानाचंही तेच. लंडनमध्ये जुलैची दुपार सरासरी तेवीस-चोवीस अंशांची असते. नाशिकची जानेवारीतली दुपार त्याहून उबदार, अठ्ठावीसच्या घरात. ज्या साडेदहा अंशांच्या खालची गोष्ट अमेरिकेतले संशोधक करतात, ती थंडी आपल्याकडे पहाटेपुरती असते. निफाडचा पारा पाच-सहावर आला की दुसऱ्या दिवशी पेपरात शेकोटीचा फोटो येतो आणि दुपारी लोक स्वेटर कमरेला बांधून फिरतात. त्यांच्या हिवाळ्याशी आपल्या हिवाळ्याची तुलना करणं म्हणजे लाल कांदा आणि उन्हाळ कांदा एकाच ढिगात ओतून भाव काढणं.

मग उष्ण मुलखात काय होतं? नैऋत्य नायजेरियातून आलेला एक अभ्यास मला यासाठीच महत्त्वाचा वाटतो. तिथे आपल्यासारखाच कोरडा ऋतू आणि पावसाळा असतो, आणि रुग्ण जास्त दिसले ते पावसाळ्यात. याचा अर्थ उष्ण प्रदेशात 'अपेंडिक्सचा हंगाम' शोधायचा तर थर्मामीटर एकटा पुरत नाही. पाणी, माश्या, पोटाचे संसर्ग, सगळंच हिशेबात धरावं लागतं. नाशिकला एप्रिल-मे तापतोही आणि जून ते सप्टेंबर पाणी गढूळही होतं. तेव्हा पोटदुखीच्या बाबतीत वर्षाचे सहा महिने आपण तसेही निर्धास्त नसतो.

उकाडा आतड्याशी करतो तरी काय

याचं एकमुखी उत्तर डॉक्टरांकडे नाही; तर्क आहेत आणि त्यांतले काही पटण्यासारखे आहेत.

पहिला तर्क पाण्याचा. घाम जास्त गेला आणि पाणी कमी प्यायलं की मोठं आतडं मळातलं पाणी जास्तीत जास्त शोषून घेतं. मळ कोरडा होतो, बद्धकोष्ठ होतं, खडे व्हायला जमीन तयार होते. अंबडच्या कारखान्यात मशीनवर आठ तास उभा राहणारा कामगार आणि एप्रिलची खरड छाटणी करणारी बाई यांना हे वेगळं सांगायला नको. मात्र एक दिवस पाणी कमी पडलं आणि दुसऱ्या दिवशी खडा तयार, इतकं हे प्रकरण झटपट नसतं, आणि सगळ्या रुग्णांत खडा सापडतही नाही. त्यामुळे हा तर्क एकटा सगळं ओझं उचलू शकत नाही.

दुसरा तर्क संसर्गाचा, आणि मला तो जास्त वजनदार वाटतो. गरम हवेत अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. पोटातले संसर्ग वाढले की अपेंडिक्सच्या भिंतीतली ती टॉन्सिलसारखी ऊती फुगण्याचे प्रसंगही वाढतात. पावसाळ्यातली वाढही या तर्कात नीट बसते, तहानेच्या तर्कात बसत नाही.

तिसरा तर्क हवेचा. कॅनडातल्या कॅलगरी शहरात २००९ मध्ये असं दिसलं की उन्हाळ्यात जमिनीलगतच्या हवेत ओझोन वायू वाढलेला असताना अपेंडिसायटिसचे रुग्ण जास्त येत होते. हा ओझोन वाहनांच्या धुरावर कडक ऊन पडून तयार होतो. द्वारका चौकात मे महिन्यात दुपारी सिग्नलला थांबलेल्या माणसाला हा तर्क लगेच पटेल, पण एका शहरात दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं म्हणता येत नाही. उन्हाळ्यात कुल्फीही वाढते.

म्हणजे मे महिन्यात मी घाबरून राहायचं?

थोडा हिशेब करू. अमेरिकेतला त्या काळचा दर होता वर्षाला दर हजारी साधारण एक. समजा नाशिक शहरालाही तोच लावला. २०११ च्या जनगणनेत शहर पंधरा लाखांच्या आसपास होतं. म्हणजे वर्षाला दीड हजार रुग्ण, महिन्याला सरासरी सव्वाशे. आता ऋतूमुळे ११ टक्क्यांचा फरक पडतो असं धरा. कमी गर्दीच्या महिन्यात एकशे अठरा, जास्त गर्दीच्या महिन्यात एकशे बत्तीस. अख्ख्या शहरात महिन्याला चौदा जणांचा फरक.

शस्त्रक्रिया विभागातल्या खाटा मोजणाऱ्याला, भूलतज्ज्ञांच्या पाळ्या लावणाऱ्याला हे चौदा महत्त्वाचे आहेत. तुम्हाला-मला नाहीत. आपल्या एकट्याच्या बाबतीत हा फरक इतका बारीक आहे की तो जाणवणं अशक्य. लासलगावला आज कांद्याचा सरासरी भाव किती निघाला, हे सगळ्या महाराष्ट्राला कळतं. पण तुमच्या ट्रॉलीला काय भाव मिळाला ते तुमचा माल ठरवतो. ऋतूचा आकडा हा बाजारचा सरासरी भाव आहे.

आणि थंडीत हा आजार सुट्टीवर जात नाही. १९६१ च्या एप्रिलअखेरीस अंटार्क्टिकावरच्या सोव्हिएत तळावर लिओनिद रोगोझोव्ह या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरचं अपेंडिक्स सुजलं. तिथे हिवाळा तोंडावर आलेला, बाहेर वादळ, मैलोन्‌मैल दुसरा डॉक्टर नाही. त्यानं पोटाच्या कातडीला बधिर करणारं इंजेक्शन घेतलं, एका सहकाऱ्याला आरसा धरायला लावला आणि पावणेदोन तासांत स्वतःचं अपेंडिक्स स्वतः कापून काढलं. दोन आठवड्यांनी तो कामावर परत हजर होता.

ऑपरेशनचा महिना वेगळा, दुखण्याचा वेगळा

'पण मे महिन्यात खरंच ओळखीतल्या चार जणांची ऑपरेशनं होतात, ते कसं?' हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतं.

त्यातल्या दोघांचं तरी आधी विचारून पाहा. आपल्याकडे मुलाचं पोट जानेवारीत दुखलं, औषधांनी शमलं, डॉक्टर म्हणाले पुढे काढून टाकू, की आईबाप कॅलेंडर बघतात. दहावी असेल तर परीक्षा होऊ दे. शेतकऱ्याच्या घरी द्राक्षकाढणी उरकू दे, व्यापाऱ्याचे पैसे हाती येऊ दे. मग सुट्टी लागते आणि मे महिन्यात एकदाचं ऑपरेशन होतं. रुग्णालयाच्या वहीत तो मे महिन्याचा रुग्ण, दुखणं मात्र जानेवारीचं. म्हणून नुसती ऑपरेशनं मोजून ऋतू ठरवला की हमखास चूक होते. नीट अभ्यास करणारे अचानक उद्भवलेले रुग्ण वेगळे काढतात.

ऋतूचं खरं काम: सोंग पुरवणं

मला या सगळ्यात अकरा टक्क्यांपेक्षा महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. प्रत्येक ऋतू आपल्या हातात पोटदुखीचं एक तयार कारण ठेवतो, आणि अपेंडिक्स त्या कारणामागे लपतं.

माझ्या भाच्याचं सांगते. नववीची परीक्षा झालेली, मे महिना, सिडकोतलं आमचं घर. शनिवारी दिवसभर उन्हात क्रिकेट आणि रात्री आमरसाच्या चार वाट्या. रविवारी सकाळी उठला तो बेंबीभोवती दुखतंय म्हणत. नाश्त्याला बसला नाही. एकदा उलटी झाली. आमरसावर खापर फुटलं. दुपारी तो सारखा लघवीला जाऊ लागला, थोडी थोडी, जळजळून. आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, लगेच निदान केलं, 'उन्हाळी लागलीय. उन्हात बोंबलत फिरतो, पाणी पीत नाही.' धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, बेंबीवर हिंगाचा लेप झाला. संध्याकाळी जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथेही मे महिना आणि जळजळ एवढं ऐकल्यावर लघवीच्या संसर्गाच्या गोळ्या मिळाल्या. पोटाला हात लागला नाही.

रात्री दुखणं हललं. बेंबीपासून उजवीकडे खाली गेलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. मध्यरात्री तो बाथरूमला निघाला तो कमरेत वाकून, उजवा हात पोटावर दाबून, पाय घासत. त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या वहिनीनं, ते चालणं पाहिलं आणि चपला घातल्या.

लघवीची जळजळ खरी होती, कारण खोटं होतं. अपेंडिक्सचं टोक प्रत्येकात वेगळ्या दिशेला असतं. कुणाचं आतड्यामागे, कुणाचं खाली ओटीपोटात. याचं टोक खाली उतरून मूत्राशयाला टेकलं होतं. शेजारच्या घरी आग लागली की आपल्याही भिंती तापतात, तसं झालं. टोक गुदाशयाला टेकलं असतं तर जुलाब झाले असते. आणि महिना जुलै असता तर आम्ही सगळ्यांनी एकमुखाने म्हटलं असतं, 'पावसाळ्याचं पाणी बाधलं.' श्रावणात असता तर उपासाचं पित्त. मोठ्या माणसाला एप्रिलमध्ये झालं असतं तर मुतखडा, कारण तोही उन्हाळ्यात डोकं वर काढतो आणि उजव्या बाजूचा खडा दुखतोही जवळपास तिथेच.

अंदाज करणाऱ्याची यात फार चूक नसते. उन्हाळ्यात जळजळीचं कारण बहुतेक वेळा साधंच असतं, पावसाळ्यात जुलाबाचंही. शंभरात नव्वदांहून अधिक वेळा आजीच बरोबर ठरेल. म्हणून तर उरलेल्या वेळी चकायला होतं.

मग ओळखायचं कसं

ऋतू बाजूला ठेवून क्रम विचारायचा. अपेंडिसायटिसमध्ये बहुधा आधी दुखतं, मग मळमळ आणि उलटी. खाण्यातून बाधलं असेल तर बऱ्याचदा उलट्या-जुलाब आधी आणि कळा त्यांच्या मागून. दुखण्यानं जागा बदलली का, हा दुसरा प्रश्न. सुरुवातीला बेंबीजवळ, मोघम. काही तासांनी उजवीकडे खाली, बोट ठेवून दाखवता येईल असं. कंबरेच्या उजव्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत रेघ ओढली तर हाडाकडून एक तृतीयांश अंतरावरची जागा दाबून पाहतात. तिला अमेरिकन शल्यविशारद मॅकबर्नी यांचं नाव आहे, १८८९ पासून. भूक पूर्ण मेली का, हा तिसरा. आवडीचा पदार्थ समोर ठेवला तरी नको म्हणणारं मूल गांभीर्याने घ्यावं.

चौथी खूण मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यासाठी आपल्या रस्त्यांएवढी उत्तम प्रयोगशाळा दुसरी नाही. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी, पोट दुखतंय म्हणून आलेल्या चौसष्ट रुग्णांना विचारलं, येताना गाडी गतिरोधकावरून गेली तेव्हा दुखणं वाढलं का? त्यांतल्या ज्या चौतीस जणांना नंतर अपेंडिसायटिस निघाला, त्यांच्यापैकी तेहेतीस जणांनी 'हो' म्हटलं होतं. सुजलेल्या अपेंडिक्सच्या आसपासचं पोटाचं अस्तरही चिडलेलं असतं, आणि हादरा बसला की ते कळवळतं. उलट बाजू अशी की अपेंडिसायटिस न निघालेल्या एकवीस जणांचंही दुखणं वाढलं होतं. तेव्हा गतिरोधकावर दुखलं म्हणजे अपेंडिक्सच, असं नाही. अजिबात दुखलं नाही तर मात्र ते नसण्याचीच शक्यता मोठी. मुलांना डॉक्टर एका पायावर उडी मारायला सांगतात, ते याच कारणासाठी.

लहानग्यांत, म्हाताऱ्या माणसांत आणि गरोदर बाईत हे सगळे नियम सैल पडतात. पाच वर्षांच्या आतलं मूल कुठे दुखतंय ते सांगू शकत नाही, म्हाताऱ्या माणसाला ताप आणि कळ दोन्ही सौम्य असू शकतात, आणि गर्भ वाढला की अपेंडिक्स वर ढकललं जाऊन भलतीकडेच दुखतं. तिथे घरगुती तपासणीच्या फंदात पडू नये.

'सोनोग्राफी नॉर्मल आली, मग झालं ना?'

नाही. रिपोर्टवर 'अपेंडिक्स दिसले नाही' असं लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ तेवढाच, की दिसलं नाही. आतड्यातला वायू आड येतो, आतड्यामागे दडलेलं टोक हाती लागत नाही. म्हणून डॉक्टर पोट तपासणं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, ताप, भूक अशा गोष्टींना गुण देतात आणि बेरीज बघतात. आल्फ्रेडो अल्वाराडो यांनी १९८६ मध्ये मांडलेली दहा गुणांची पद्धत आजही वापरली जाते. शंका उरली तर सीटी स्कॅन, किंवा काही तास दाखल करून पुन्हा पुन्हा तपासणं. 'उगाच ठेवून घेतलं' असं आपल्याला वाटतं, पण वेळ जातो तसं हे दुखणं आपला खरा चेहरा दाखवतं, आणि तो दाखवेल तेव्हा माणूस रुग्णालयातच असलेला बरा.

तोपर्यंत घरी एरंडेल देऊ नये. पोट साफ झालं की बरं वाटेल हा समज जुना आहे, पण सुजलेल्या नळीच्या शेजारच्या आतड्याला जोरात पिळणं धोक्याचं. ऑपरेशनची शक्यता दिसत असेल तर खायला-प्यायलाही देऊ नये.

ऑपरेशन टळतं का?

कधी कधी. नळी फुटलेली नसेल तर प्रतिजैविकांवर शमवता येते. अमेरिकेत पंधराशेहून जास्त प्रौढांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, औषधं घेतलेल्या दहांपैकी तिघांना तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन करावंच लागलं. फिनलंडमध्ये पाच वर्षं पाठपुरावा केला तेव्हा दहांपैकी चौघांना त्रास परतलेला दिसला. आत खडा असेल तर औषधं फसण्याची शक्यता वाढते. सुरगाणा-पेठकडच्या पाड्यावर राहणाऱ्याला पुन्हा दुखलं तर सर्जनपर्यंत पोचायला किती वेळ लागेल, हेही निर्णयात धरावं लागतं. कॉलेज रोडवर राहणाऱ्याला ते धरायची गरज नाही.

आणि त्या बिया?

तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी काढून टाकलेली दोन हजारांच्या आसपास अपेंडिक्स तपासली. फळाची बी कारण ठरलेली सापडली एका रुग्णात. पेरू बिनधास्त खा.

भाच्याला त्या रात्री रिक्षानं नेलं. रुग्णालयापर्यंत नऊ गतिरोधक लागले. त्यानं दर वेळी वहिनीचा दंड आवळला, म्हणून तिला आकडा पाठ आहे. पहाटे ऑपरेशन झालं. सर्जननी स्टीलच्या ट्रेमधून आणून दाखवलं. करंगळीएवढं, मुळाशी गुलाबी, टोकाशी जांभळट काळं पडलेलं. 'अजून थोडा वेळ गेला असता तर हे अख्खं हातात आलं नसतं,' असं म्हणाले.

घरी आणताना रिक्षावाल्याला हळू चालव म्हणून सांगितलं होतं. भाचा मात्र मुद्दाम डोळे मिटून बसला आणि मोजू लागला. त्याचे सातच भरले. दोन कुठे गेले यावर त्याचा आणि वहिनीचा वाद अजून मिटलेला नाही. आईनं धने-जिऱ्याचं पाणी सोडलेलं नाही, पण हल्ली पातेलं गॅसवर ठेवण्याआधी ती विचारते, 'आधी कुठे दुखत होतं?'